उकाडा म्हणजे ऊन नव्हे

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४३ अंशांवर आणि मुंबईचा ३४ अंशांवर असला, की मथळा अकोल्याचा होतो. तो व्हायलाच हवा. पण त्यावरून मुंबईकर सुखात आहेत असा अर्थ काढला जातो, तो चुकीचा आहे. मराठीने हा फरक फार आधी ओळखलेला दिसतो. विदर्भात ऊन तापते, कोकणात उकडते. ऊन हा शब्द संस्कृत ‘उष्ण’पासून आला, उन्हाळा म्हणजे उष्णकाल. उकाडा मात्र ‘उकडणे’मधून आलेला. बटाटा उकडतो तो पाण्यात नाहीतर वाफेवर, कोरड्या तव्यावर नव्हे. मोदकाची उकड आणि दुपारचा उकाडा एकाच घरचे.

‘घाम’ची कथा आणखी बोलकी आहे. संस्कृत ‘घर्म’ म्हणजे उष्णता. हिंदीत ‘घाम’ म्हणजे आजही ऊन. मराठीत ते अंगावरचे पाणी झाले. मात्र घाम नुसता निथळून अंग थंड होत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम कातडीवर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दमट हवेत तो वाळत नाही, टपकतो. मग पाणी आणि मीठ जाते, उष्णता आतच राहते. हवामान खातेही उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी ४० अंश धरते, किनाऱ्यासाठी ३७.

तरीही ‘उष्माघात’ म्हटले की नातेवाईक आधी सांगतात, ‘ते उन्हात गेलेच नव्हते.’ पत्र्याच्या खोलीत पोळ्या लाटणारी बाई, भट्टीजवळचा कामगार, लघवी वाढवणारी गोळी घेणारे आजोबा यांना उन्हात जावे लागत नाही. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही,’ हेही तितक्याच ठामपणे सांगितले जाते. अंगमेहनत करताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकते. माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला, तर घाम पाहत बसू नये. त्याला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, १०८ला फोन करावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.

‘फार उकडतंय हो’ ही तक्रार डॉक्टरही हसून सोडून देतात. बंद खोलीत राहणाऱ्या सत्तरीच्या माणसाने मे महिन्यात ती केली, तर निदान नाडी आणि ताप पाहून मगच पुढच्या रुग्णाला हाक मारावी.