गोठ्याचा प्रतिनिधी कोण?

माणसांच्या डॉक्टरांनी विधानसभेच्या बाकांवर केव्हाच जागा पक्की केली आहे; पशुवैद्यक निवडणुकीला उभा राहिला की मात्र 'ढोरांचा डॉक्टर' म्हणून लोक गालात हसतात. माझे म्हणणे असे की गोंदियासारख्या जिल्ह्यात हे उलटे असायला हवे होते. हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा मुलूख. पाऊस फिरला आणि धान गेले की लहान शेतकऱ्याच्या घरात विकण्याजोगे उरते ते दावणीला बांधलेलेच. शेळी म्हणजे औषधपाणी आणि शाळेचा खर्च, बैलजोडी म्हणजे पुढचा हंगाम. कोणाच्या घरची गाय आटली आणि कोणी अवेळी बैल विकायला काढला, हे गावोगाव फिरणाऱ्या पशुवैद्यकाला तलाठ्याच्या आणेवारीआधी कळते. गावाची तंगी इतक्या जवळून पाहणारा दुसरा सरकारी माणूस मला तरी दिसत नाही.

शिवाय त्याचे काम राजकारणापासून कधी अलिप्त होतेच कुठे? 1976च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यात बैलाच्या कत्तलीला सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागे. जनावर कामाचे उरले आहे की नाही, हा निर्णय पशुवैद्यकाच्या एका सहीवर ठरे. 2015च्या दुरुस्तीने बैलाच्या बाबतीत ती सहीच संपली आणि म्हातारा बैल शेतकऱ्याच्या गळ्यात कायमचा राहिला. ट्रॅक्टरने चिखलणी करणाऱ्या गावात त्याला कोणी पोसायचे, यावर श्रद्धेच्या अंगाने भरपूर बोलले गेले, चाऱ्याच्या हिशेबाने फार थोडे. तीच गोष्ट वाघाची. 2013मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्या जंगलालगतच्या गावात गाय मारली गेली की पंचनामा होतो, किंमत ठरते, भरपाईचा कागद फिरू लागतो. आणि गुरे राखणाऱ्यांच्या राजकारणाची सर्वांत कडू आठवण तर नागपूरचीच आहे. 23 नोव्हेंबर 1994 रोजी अनुसूचित जमातीचा दर्जा मागत गोवारी समाज विधिमंडळावर चालून गेला आणि चेंगराचेंगरीत 114 जण गेले. पिढ्यान् पिढ्या गावाची गुरे राखणाऱ्या त्या माणसांचे सभागृहात कोण होते?

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे: पदवी पशुवैद्यकाची असली म्हणून राजकारण गोठ्याचे होत नाही. डॉ. संजीव बालियान यांचे उदाहरण समोर आहे. हिसारच्या कृषी विद्यापीठातून पशुवैद्यकातली पीएच.डी., मुझफ्फरनगरचे दोनदा खासदार, 2019 ते 2024 केंद्रात पशुसंवर्धन खात्याचे राज्यमंत्री. माणूस आणि खाते यांचा इतका नेमका जोड क्वचितच जमतो. तरी त्यांच्या निवडणुका गाजल्या त्या धर्म आणि जात या हिशेबांवर. लाळ-खुरकतीच्या लसीवर कोणी मत मागितले नाही. अमेरिकेत वेन अलार्ड आणि जॉन एन्साइन हे दोन पशुवैद्यक एकाच काळात सिनेटर होते, पण त्यांचीही ओळख रिपब्लिकन म्हणूनच राहिली. हे सारे मान्य. पण यातून सिद्ध होते ते एवढेच की दिल्ली गोठ्यापासून फार लांब आहे. दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक: दवाखान्यांत आधीच माणसे अपुरी, त्यात सेवानियमांमुळे नोकरी सोडल्याशिवाय उभे राहता येत नाही, म्हणजे तालुक्याने एक डॉक्टर गमावायचा. तोटा खराच आहे. म्हणून मी नोकरीत असलेल्याला नव्हे, निवृत्त झालेल्याला आणि खासगी व्यवसाय करणाऱ्याला हाक मारीन. आणि तीही खासदारकीसाठी नव्हे, जिल्हा परिषदेसाठी. तिथे कृषीला जोडून पशुसंवर्धनाची विषय समिती असते, सभापतीला गाडी असते, गावोगावचे पशुवैद्यकीय दवाखाने त्याच परिषदेकडे असतात. असे असून त्या खुर्चीवर कोण बसणार, हे बहुतेकदा सत्तेच्या वाटणीत कोणाची समजूत काढायची राहिली यावर ठरते.

जाणकार तिथे नसला की काय होते? 2025मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला कृषी-समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज शेतीच्या दराने मिळावी, हा त्यातला मोठा भाग. निर्णय चांगलाच आहे. पण सवलत पोहोचते ती वेगळे मीटर असलेल्या शेडपर्यंत. गोंदियातल्या अर्जुनी-मोरगावात दोन गायी आणि पाच शेळ्या ओसरीला बांधणाऱ्या बाईच्या बिलात त्याने काय फरक पडेल, हा प्रश्न त्या समितीच्या बैठकीत कोणीतरी इतिवृत्तात नोंदवायला हवा.