गोवरमुक्तीचा खरा हिशेब

२०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडीत गोवराची साथ उसळली. भिवंडी आणि मालेगावलाही तिची झळ बसली. ज्या रोगावर हमखास लस आहे, त्या रोगाने देशाच्या आर्थिक राजधानीत बालके दगावली. १९८५ पासून ही लस सार्वत्रिक लसीकरणात आहे आणि जगभर ती पुरविणारी सीरम इन्स्टिट्यूट आपल्याच पुण्यात आहे. तरीही असे घडते, याचा दोष केवळ कोविडकाळात रखडलेल्या लसीकरणावर ढकलून चालणार नाही.

शासकीय अहवालांत किती लसी टोचल्या याची टक्केवारी असते. किती जण सुरक्षित झाले, हे त्यातून कळत नाही. नवव्या महिन्यातील पहिल्या मात्रेने साधारण ८५ टक्के बालकांनाच संरक्षण मिळते, दुसऱ्या मात्रेनंतर हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे जाते. वीटभट्टीवरील वा ऊसतोडणी कामगारांची मुले तर अनेकदा नोंदवहीतच नसतात. असुरक्षित समाजात गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना बाधित करू शकतो. अशा रोगापुढे कागदावरील समाधान महागात पडते. खरे उत्तर रक्तातील प्रतिपिंडे मोजूनच मिळते आणि ती मोजणी वयोगटवार व्हावी लागते.

वयोगटवार कशासाठी? आज साठी ओलांडलेल्यांपैकी बहुतेकांना बालपणीच गोवर येऊन गेला. त्यांची प्रतिकारशक्ती आजन्म टिकते. १९८५ नंतर जन्मलेल्यांना सरकारी कार्यक्रमात एकच मात्रा मिळाली. दुसरी मात्रा २०१० पासून आली आणि महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस सुरू झालेली गोवर-रुबेला मोहीम १५ वर्षांपर्यंतच्या मुलांपुरती होती. या दोहोंतून निसटलेली पिढी आज आई-वडील झाली आहे. लसीमुळे सुरक्षित झालेल्या मातेकडून बाळाला मिळणारी प्रतिपिंडे तुलनेने कमी असतात व लवकर ओसरतात. त्यामुळे पहिल्या लसीपूर्वीचे महिने धोक्याचे ठरतात. मुंबईच्या साथीत काही भागांत ६ ते ९ महिन्यांच्या बालकांना जादा मात्रा देण्याचा निर्णय झाला, तो यामुळेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने १ ते ४ वर्षे वयोगटात ८५, ५ ते ९ मध्ये ९० आणि त्यापुढे ९५ टक्के प्रतिकारशक्तीचे लक्ष्य ठरविले होते. शाळेतील निकट सहवास लक्षात घेता ५ ते ९ वयोगटातही ९५ टक्के हवेत, असे २०१९ मधील संशोधनाने सुचविले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी पालघरसह देशातील चार जिल्ह्यांत मोहिमेपूर्वी व नंतर अशी रक्ततपासणी केली. म्हणजे हे काम आपल्या आवाक्यातले आहे. ते चार जिल्ह्यांवर न थांबता जिल्ह्याजिल्ह्यात नियमित व्हावे. २०२३ चे गोवर निर्मूलनाचे लक्ष्य हुकले आणि ते २०२६ वर गेले. तारखा पुढे ढकलण्यापेक्षा उणिवा नेमक्या कोठे आहेत, हे शोधणे अधिक शहाणपणाचे.

लसीविषयी अफवा पसरविणाऱ्यांची गय करू नये. मात्र एखाद्या वस्तीकडे बोट दाखवून हात झटकणेही अप्रामाणिकपणाचे आहे. २०१८ च्या मोहिमेत संमतीपत्रावर सही न करणाऱ्यांत सुशिक्षित पालकही होते. गोवर जात-पंथ पाहत नाही. ज्या देशाने १९७५ मध्ये देवीचा रोग हद्दपार केला आणि २०११ नंतर वन्य विषाणूमुळे होणाऱ्या पोलिओचा एकही रुग्ण होऊ दिला नाही, त्याला हे अशक्य नाही. शासनाने मोजावे, समाजाने साथ द्यावी. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतील, प्रत्येक गृहिणीने आपल्या मुलांबरोबरच घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलांचेही लसीकरण कार्ड एकदा पाहावे. समरसतेचा प्रारंभ एवढ्या साध्या विचारपुशीतूनही होऊ शकतो.