आधीं निष्कर्ष, मग शोध!

शाळेंतील मुलांनीं स्वतः हिंडून माहिती मिळवावी व तीवरून अनुमान काढावें, ही 'प्रकल्पा'ची कल्पना मूळची उत्तम आहे. आमची तक्रार आहे ती तिच्या नांवाखालीं चाललेल्या व्यवहाराविषयीं. विद्यार्थी चाळीस घरांचे जिने चढून रोज पाणी किती लागतें हें विचारून येतो. आणि शेवटच्या पानावर 'निष्कर्ष' म्हणून लिहितो काय, तर पाणी हेंच जीवन, सबब तें जपून वापरावें! एवढ्यासाठीं जिने कशाला चढावयाचे? ज्या घरीं नळ दोनच तास येतो तेथेंच पाणी सर्वांत अधिक सांठवून दुसऱ्या दिवशीं ओतून देतात, असें त्याच्या टिपणांत असलें, तरी तें सुभाषिताशीं जुळत नाहीं म्हणून पक्क्या वहींत उतरत नाहीं. खरा शोध गळतो तो इथेंच.

माहितीची मांडणी म्हणजे रंगीत शाईच्या चौकटी, असा आपल्याकडे समज आहे. वस्तुतः निम्मा निवाडा मांडणींतच होतो. लंडनमधील १८४९ च्या कॉलऱ्याचे मृत्यु विल्यम फार यांनीं वस्तीच्या उंचीप्रमाणें लाविले. सखल भागांत ते अधिक भरले, आणि दूषित हवेचा सिद्धान्त बळावला. आंकडे खोटे नव्हते. पुढें १८५४ च्या सांथींत डॉ. जॉन स्नो यांनीं दक्षिण लंडनमधील मृत्यु पाणी पुरविणाऱ्या कंपनीप्रमाणें लाविले. या दोन कंपन्यांचे नळ पुष्कळ ठिकाणीं एकाच रस्त्यांत शेजारशेजारच्या घरीं गेलेले. हवा एक, उंची एक, पाणी मात्र निराळें. शहरांतील घाण मिसळलेलें थेम्सचें पाणी देणाऱ्या साउथवर्क-व्हॉक्सहॉल कंपनीच्या ४०,०४६ घरांत सात आठवड्यांत १,२६३ मृत्यु. नदीच्या वरच्या अंगाचें पाणी देणाऱ्या लँबेथ कंपनीच्या २६,१०७ घरांत ९८. घरांची संख्या सारखी नाहीं म्हणून स्नो यांनीं दर दहा हजार घरांचें प्रमाण काढलें: ३१५ आणि ३७. हा साधा भागाकार पांचवी-सहावीच्या मुलालाहि येतो; पण तो इथें करावयाचा, हें त्याला कोणी सांगत नाहीं.

सांगणार तरी कोण? शिक्षकांस वह्यांचे गठ्ठे उरकावयाचे असतात, आणि आमच्या सुशिक्षित घरांतून तर रात्रीं दहा वाजतां 'निष्कर्ष' वडीलच सांगतात व चिरंजीव उतरून घेतात. (आकृत्या बहुधा मातोश्रींच्या!) यंदां शिक्षकांनीं शेवटचें पान आधीं वाचावें. मागील पानांवांचून तें लिहितां आलें असतें असें दिसल्यास वही परत करावी; आणि न जुळणारी नोंद तशीच ठेवणाऱ्यास दोन गुण अधिक द्यावेत, मग त्याच्या वहीवर शाईचे डाग कां असेनात.