जॉबरची पिशवी आणि आपला ताका

या पानावर सुताचे भाव, वीजबिल, जीएसटी आणि अडकलेली उधारी यांची चर्चा नेहमी होते व ती व्हायलाच हवी. आज आम्ही मात्र एका पिशवीविषयी लिहिणार आहोत. ही पिशवी आमची नाही, जॉबरची आहे. परंतु तिच्यात एक पाना कमी असला तर त्याची किंमत कारखानदारापासून आमच्यासारख्या कापडवाल्यापर्यंत सर्वांना मोजावी लागते, आणि सर्वांत जास्त ती माग चालवणाऱ्या कामगाराला मोजावी लागते.

ज्या वाचकांचा यंत्रमागाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा कारागीर म्हणजे जॉबर. जुन्या लोकांच्या तोंडी त्याला मुकादम असेही नाव आहे. आमच्या मालेगावात लहान कारखान्यांना स्वतंत्र जॉबर ठेवणे परवडत नाही, त्यामुळे एकच जॉबर दोन-तीन ठिकाणचे माग सांभाळतो. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सायकल नाहीतर मोटारसायकल, आणि मागे औजारांची पेटी. मराठीत कारागिराच्या औजारांनाही 'हत्यारे' म्हणतात. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, त्यामुळे हा शब्द प्रथम कानावर पडला तेव्हा दचकलो होतो. आता तोच शब्द आमच्या तोंडी बसला आहे.

आमचा व्यवहार असा की सूत आम्ही देतो, कारखानदार मजुरीवर कापड विणून देतो. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याला कोऱ्या कापडाचा माल द्यायचा होता. गुरुवारची संध्याकाळ होती आणि चार ताके बाकी होते. शुक्रवारी मालेगावात माग बंद असतात, म्हणजे त्या रात्रीच काम उरकणे भाग होते. नेमके त्या वेळी दोन मागांवर धोटा नीट चालेना. एकावर तर तो उडून बाहेर पडला. सुदैवाने कोणाला लागला नाही. जॉबर आला. त्याची लोखंडी पेटी उचलायला दोन हात लागत. उघडली तर आत तीन अॅडजस्टेबल पाने, दोन किलोचा हातोडा, गंजलेली कानस, तुटके पेचकस आणि तळाला नट-बोल्टांचा ढीग. हवा होता तो ५/१६ चा पाना नव्हता. "सेठ, तो सकाळच्या कारखान्यात राहिला," तो म्हणाला.

मग व्हायचे तेच झाले. त्याने अॅडजस्टेबल पाना लावला, तो घसरला, नटाचे कोपरे गोल झाले. त्यावर छिन्नी आणि हातोडा. मागाचे बहुतेक भाग बिडाचे असतात आणि बीड मार सहन करीत नाही, तडकते. ब्रॅकेटचा कान तुटून खाली पडला. तो भाग मिळेपर्यंत शनिवारची दुपार झाली. आमचा माल उशिरा गेला, समोरच्याने भाव कापला. ते नुकसान आम्ही सोसले. पण त्या दोन मागांवरचा कामगार मीटरवर मजुरी घेतो. माग उभा तर त्याची रोजी उभी. तो काही बोलला नाही, बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्या रात्री जॉबरवर आम्ही फार रागावलो. आता वाटते की तो राग निम्मा चुकीचा होता. का, ते पुढे सांगतो.

आधी हिशेब पाहू. साधा माग मिनिटाला १५० बाणे टाकतो असे धरा आणि कापडात इंचाला ५२ बाणे आहेत असे धरा. तासाला ९००० बाणे, म्हणजे साधारण १७३ इंच, म्हणजेच ४.४ मीटर कापड. पाना आणायला जॉबर गेला आणि माग एक तास उभा राहिला तर इतके कापड बुडाले. एका मागाचे हे लहान वाटेल. परंतु पाना शोधण्यात रोज थोडा-थोडा वेळ जात असेल तर महिन्याच्या शेवटी तो कोणाच्या वहीत लिहिला जातो? कोणाच्याही नाही. विजेचे बिल आपण पै-पैने तपासतो, हे मात्र तपासत नाही.

१९८५-८६ च्या सुमारास आम्ही वडिलांबरोबर कारखान्यात जाऊ लागलो तेव्हा एक वयस्कर जॉबर येत असत. सर्वजण त्यांना चाचा म्हणत. त्यांच्याकडे पेटी नव्हतीच. कापडाची एक गुंडाळी होती, कप्पे शिवलेली, दोरीने बांधलेली. मागाजवळ बसून ती उलगडत आणि प्रत्येक औजार आपापल्या कप्प्यात दिसे. काम संपले की गुंडाळण्यापूर्वी कप्प्यांवरून बोट फिरवीत. एकदा एक कप्पा रिकामा निघाला तर त्यांनी माग सुरू करू दिला नाही. पाना धोट्याच्या वाटेवरच, ताण्याखाली राहून गेला होता. तसाच माग सुरू झाला असता तर धोटा, फणी आणि ताण्याचे शेकडो धागे एका फटक्यात गेले असते. पेटीत तळाशी सगळे एकत्र पडलेले असते तेव्हा काय राहिले हे कळत नाही. गुंडाळीचा हा सर्वांत मोठा फायदा आहे, वजनाचा फायदा त्यानंतरचा.

आता त्या गुंडाळीत काय असावे? दुकानात तयार मिळणारा सेट घेऊ नये असे आमचे मत आहे. तो मोटारसायकल किंवा मोटार डोळ्यासमोर ठेवून बनवलेला असतो. आपल्याकडचे जुने माग लँकेशायरच्या घाटाचे, त्यांचे बोल्ट इंचाच्या मापाचे. ही मापे १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने बसवली. यात एक गोम आहे आणि तरुण मुलांना ती कोणी सांगत नाही. मिलिमीटरच्या पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा असतो. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाचा नव्हे. जुन्या बनावटीच्या ५/१६ च्या बोल्टचे डोके १५ मिलिमीटरहून थोडे जास्त भरते. १५ चा पाना त्यावर चढत नाही. १६ चा चढतो पण डगमगतो आणि जोर दिला की कोपरे खातो. शिवाय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोखंड वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये ही डोकी एका मापाने लहान केली गेली, त्यामुळे एकाच जाडीचे दोन डोक्यांचे बोल्ट सापडतात. म्हणून पाने विकत घेण्याआधी आपल्या मागांवरचे चार-सहा बोल्ट काढून दुकानात न्यावेत आणि तेथेच लावून पाहावेत.

तर गुंडाळीत व्हिटवर्थचे दुतोंडी पाने १/४ पासून १/२ पर्यंत. बहुतेक काम ५/१६ आणि ३/८ वर चालते, म्हणून ही दोन मापे दुहेरी ठेवावीत. मोटार व नंतर बदललेल्या भागांसाठी १०, १३, १७ आणि १९ मिलिमीटर. अॅडजस्टेबल पाना एकच, आठ इंची, आणि तो शेवटच्या कप्प्यात. हात आधी तिकडे जाता कामा नये. हातोडी अर्ध्या किलोची पुरे. तिच्याबरोबर पितळेचा एक तुकडा, कारण शाफ्टवर किंवा चावीवर लोखंडाने ठोकले तर टोक पसरते आणि मग ती चावी निघत नाही. एक पक्कड, दोन पेचकस, एक अर्धगोल कानस, करवतीचे एक पाते; फ्रेमची गरज नाही, एका टोकाला चिंधी गुंडाळली की मूठ होते. धोटा खरखरीत झाला तर तो ताण्याचे धागे तोडतो, त्यासाठी बारीक पॉलिश पेपर. स्प्लिट पिना, वॉशर व रोज लागणारे नट एका छोट्या डबीत, मूठभर, किलोभर नव्हे. तेलाची लहान कुप्पी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत.

याशिवाय दोन वस्तू ज्या पेट्यांत आम्ही क्वचित पाहिल्या. एक म्हणजे फणीतून धागा ओढायची पत्ती आणि वहीतून ओढायचा हुक. ही कामे वहीफणीवाल्याची, हे खरे. पण चार धाग्यांसाठी त्याची वाट पाहत माग उभा ठेवणे शहाणपणाचे नाही. दुसरी वस्तू म्हणजे इंच मोजायची काच. ही काच आम्ही कापडवाले खिशात घेऊन फिरतो आणि तिच्यातून बाणे मोजून कारखानदाराचा भाव कापतो. तीच काच जॉबरकडे असेल तर मागावरून कापड उतरण्यापूर्वी दोष दिसेल. फणीचे एक पाते वाकले तर ताक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ पडते. ती रेघ पहिल्या मीटरला दिसली तर ठीक, शंभराव्या मीटरला आमच्या पेढीवर दिसली तर वादच.

दोन किलोचा हातोडा, मोठा पाईप पाना, बाक आणि शिकंजा ही औजारे कारखान्याची असावीत, भिंतीवर टांगलेली. ती जॉबरने रोज गावभर वाहून नेणे म्हणजे त्याच्या पाठीवर अन्याय आहे. शुक्रवारी बंद कारखान्यात मोठी दुरुस्ती निघते तेव्हाच त्यांचे काम पडते.

रेपियर मागांची गोष्ट वेगळी. तेथे अॅलन चाव्या आणि फीलर गेज लागतात व हातोडी जवळजवळ लागत नाही. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारचे माग आहेत त्यांच्या जॉबरने दोन गुंडाळ्या कराव्यात. एकत्र केल्या की पुन्हा पेटी तयार होते.

गुंडाळीच्या कापडाविषयी बोलण्याचा मात्र आमचा हक्क आहे, कारण हा आमचा धंदा. जाड सुती कॅनव्हास घ्यावा, पण कप्प्यांच्या तळाला दुहेरी पट्टी हवी, कारण पान्याचे टोक तेथूनच बाहेर पडते. शिलाई जाड दोऱ्याची व दुहेरी. सुती कापड तेल पिते, महिन्यातून एकदा सोड्याच्या गरम पाण्यात धुवावे. पावसाळ्यात ओलसर कॅनव्हासमध्ये पाने गंजतात; त्या चार महिन्यांत वरून ताडपत्रीचा तुकडा गुंडाळावा आणि रात्री गुंडाळी उलगडून ठेवावी. रेक्झिन दिसायला चांगले, पण वाकण्याच्या जागी फुटते. आपल्या गल्लीतला कोणताही शिंपी हे काम एका दुपारी करून देईल.

आता पैशाचा प्रश्न. आमचा राग निम्मा चुकीचा होता, तो याच बाबतीत. चांगल्या पोलादाचे पाने महाग असतात. स्वस्त पान्यावर चकचकीत मुलामा असतो, आत पोलाद मऊ. दोन महिन्यांत तोंड उघडते. जॉबरची मिळकत पाहता तो दुसरेच घेणार. आम्ही स्वतः काही काळ आठ माग चालवले तेव्हा जॉबरला असेच स्वस्त पाने आणून दिले होते आणि वर उपकार केल्यासारखे बोललो होतो. कारखानदार म्हणतो, औजारे जॉबरची, त्याचे तो पाहील. आम्ही व्यापारी म्हणतो, कारखाना आमचा नाही. आणि दोघे मिळून ताक्यातल्या दोषावर भांडतो.

आमची सूचना अशी आहे की ज्या दोन-तीन कारखान्यांचे काम तो करतो त्यांनी मिळून त्याला औजारांसाठी बिनव्याजी उसने द्यावेत आणि मजुरीतून हळूहळू वळते करावेत. सूत देणाऱ्या व्यापाऱ्यानेही वाटा उचलावा. यावर एका कारखानदार मित्राने लगेच हरकत घेतली, "तो औजारे घेऊन दुसऱ्याकडे गेला तर?" गेला तर जाईल. राहिलेली रक्कम लिहून ठेवावी, नवा मालक ती भागवील. औजारे जॉबरच्या नावाचीच असावीत. परक्याच्या पान्याची काळजी कोण घेतो?

केंद्र सरकारने २०२३ साली सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत औजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. परंतु तिच्या १८ व्यवसायांच्या यादीत यंत्रमागाचा जॉबर नाही. लोहार, सुतार, शिंपी, चांभार, कुलूप बनवणारे आहेत. या कामांत असलेल्या वाचकांनी चौकशी अवश्य करावी. या योजनेतले कर्ज व्याजाचे आहे, ते ज्यांना नको असेल त्यांनी घेऊ नये. औजारांची मदत कर्ज नाही, ती परत करावी लागत नाही. जॉबरचे नाव या यादीत यावे म्हणून यंत्रमागधारकांच्या संघटनांनी अर्ज करायला हरकत नाही. अनुदान आणि वीजदरासाठी आपण निवेदने देतोच.

गुरुवारच्या त्या प्रसंगातला जॉबर आजही आमच्या मालाच्या कारखान्यात येतो. त्याच्या गुंडाळीसाठी कॅनव्हास आम्ही दिला आणि पानांचे निम्मे पैसे कारखानदाराने. जुनी पेटी त्याने विकली नाही, घरी ठेवली आहे. तिच्यात त्याची बायको बॉबिनी ठेवते. गुंडाळीत एक कप्पा मात्र त्याने शिंप्याकडून जास्तीचा शिवून घेतला आहे. विचारले तर म्हणाला, "सेठ, तो वहीसाठी." कोणत्या मागाचा कोणता नट कधी सैल झाला ते तो उर्दूत त्या वहीत लिहितो. मागच्या महिन्यात त्याने ती आम्हाला दाखवली. अकरा नंबरच्या मागावर एकच बोल्ट सहा वेळा घट्ट केल्याची नोंद होती, आणि कारखानदाराला त्याची गंधवार्ता नव्हती.