कागदावर नसलेल्या वस्तीची तहान

मुंबईत टॉवर उभा राहायचा असेल तर आधी काय पाहिले जाते? जमीन कोणाची, चटईक्षेत्र किती, गाड्या उभ्या कुठे करायच्या. पाण्याचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो आणि एका ‘ना हरकत’ कागदावर मिटतो. त्या टॉवरने पाणी ओढल्यावर त्याच जलवाहिनीच्या टोकाला असलेल्या वस्तीच्या नळाचे काय होणार, हे मात्र कोणी विचारीत नाही.

वास्तविक हे आधीच सांगता येते. शहरातील जलवाहिन्यांचे संपूर्ण जाळे आज संगणकावर मांडता येते. जलाशय, पंप, व्हॉल्व्ह, पाइपचा व्यास आणि जुनेपणा, जमिनीची उंची व प्रत्येक ठिकाणची मागणी भरली की कुठे किती दाब उरेल याचे उत्तर मिळते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ साली आणलेली ‘एपानेट’ ही अशीच प्रणाली. ती फुकट मिळते. तेव्हा साधन नाही ही सबब चालणार नाही. एकाच पाइपमधून दुप्पट पाणी नेले की घर्षणात खर्च होणारा दाब दुप्पट नव्हे, सुमारे साडेतीनपट होतो. नव्या बांधकामाचा फटका टेकडीवरच्या वस्तीला का बसतो, ते या एका हिशेबात कळते.

परंतु संगणकाला न्याय-अन्याय कळत नाही. त्यात जे भराल तेच तो परत देतो. मुंबईच्या नियोजनात इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असे माप वर्षानुवर्षे धरले गेले. माणूस एकच, तहान एकच, मग मापे दोन का? आणि ज्या वस्तीची नोंदच नाही तिच्यापुढे तर शून्यच पडते. शून्य लिहिले म्हणून माणसे पाणी प्यायची थांबत नाहीत. ती कुठून तरी पाणी मिळवतात आणि तेच पाणी मग हिशेबात ‘गळती व चोरी’ म्हणून दाखवले जाते. आधी हक्क नाकारायचा आणि मग चोर ठरवायचे, हा न्याय आपल्याला नवा नाही.

दुसरी गोष्ट. मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते, पण बहुतेक भागांत ते ठराविक तासच सुटते. चावीवाल्याने व्हॉल्व्ह फिरवला की टॉवरची जमिनीखालची प्रचंड टाकी आधी भरू लागते. उंचावरच्या गल्लीत आपली आई-बहीण पहाटे हंडा लावून बसते, तिच्या नळाला धार येईपर्यंत वेळ संपलेली असते. ज्याची टाकी मोठी त्याचे पाणी! चोवीस तास पुरवठा गृहीत धरून केलेल्या नमुन्यात हे चित्र दिसणारच नाही.

आम्ही टॉवरच्या विरोधात नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींतील माणसे १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. २०२५ मध्ये वरळीत पहिल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, याचा आनंदच आहे. सामायिक संडास जाऊन घरात संडास-न्हाणी आली, तर पाणी जास्त लागणारच आणि ते मिळालेच पाहिजे. मात्र ते शेजारच्या वस्तीच्या नळातून काढून नव्हे.

डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा, कलम २१ चा भाग आहे. घर अनधिकृत म्हणून पाणी नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणले. पण धोरण म्हणजे पाणी नव्हे. महाड नगरपालिकेने १९२४ सालीच चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक वस्ती, नोंदलेली असो वा नसो, नमुन्यात आली पाहिजे. सर्वांना माणशी एकच माप लावा. संगणकाने सांगितलेला दाब वस्तीच्या शेवटच्या नळावर मोजून ताडून पाहा. आणि मोठ्या बांधकामाला परवानगी देण्यापूर्वी तो हिशेब त्या विभागातल्या लोकांपुढे मराठीत ठेवा.

आपल्या शिकलेल्या तरुणांत आज अभियंते कमी नाहीत. त्यांनी हा हिशेब वाचायला शिकावे आणि वस्तीला समजावून सांगावा. नकाशावर आपली वस्ती आहे की नाही, हे आधी तपासा. तिथे ती नसेल, तर नळाला पाणी येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.