क्लाउड खात्यांचेही साप्ताहिक सर्वेक्षण हवे

२००८ च्या खरिपात महाराष्ट्रातील सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला आणि त्या धड्यातून ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प उभा राहिला. २००९-१० पासून कीड सर्वेक्षक ठरलेल्या गावांतील ठरलेल्या शेतांत जाऊन अळ्या आणि कामगंध सापळ्यांतील पतंग मोजू लागले. हे आकडे दिल्लीतील राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राच्या साहाय्याने उभारलेल्या संगणकप्रणालीत नोंदवले जाऊ लागले आणि किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली की त्या भागासाठी सल्ला निघू लागला. वर्षातून एकदा शेतात फेरी मारून किडीचा अंदाज येत नाही, हे कृषी संशोधकांना कोणी पटवून देण्याची गरज नाही. त्याच संशोधकांच्या संगणकीय साठ्यांची तपासणी मात्र बहुधा वर्षातून एकदाच, प्रमाणपत्राच्या नूतनीकरणापुरती होते. ही विसंगती आता परवडणारी नाही.

या साठ्यांत काय असते, ते आधी पाहावे. मृद् चाचण्यांचे अहवाल, वाणांच्या चाचण्यांची आकडेवारी, जनुकीय माहिती हा एक भाग झाला. दुसरा भाग माणसांचा आहे. प्रात्यक्षिकात सहभागी झालेल्या शेतकऱ्याचे नाव, भ्रमणध्वनी क्रमांक, सातबारा उतारा, अनुदान जमा करण्यासाठी घेतलेला बँक खाते क्रमांक आणि पुष्कळदा आधार कार्डाची छायाप्रत. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला. म्हणजे विखुरलेल्या नोंदींना जोडणारा आणखी एक धागा तयार झाला. शेतकरी ही माहिती विश्वासाने देतो. ती कोणत्या शहरातील कोणत्या सर्व्हरवर पडून आहे, हे त्याला ठाऊक नसते आणि ते त्याने विचारावे अशी अपेक्षाही नसते.

भारतीय कृषी संशोधन परिषदेचे मुख्य डेटा सेंटर पुसा परिसरातील भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी हैदराबादच्या ‘नार्म’ संस्थेत ‘कृषी मेघ’ हे त्याचे प्रतिरूप केंद्र सुरू झाले. अशा मध्यवर्ती केंद्रांना निदान नेमलेले रखवालदार असतात. खरी काळजी लहान खात्यांची आहे. एखाद्या तीन वर्षांच्या प्रकल्पासाठी, भ्रमणध्वनीवरील ॲपसाठी किंवा उपग्रहचित्रांच्या विश्लेषणासाठी व्यावसायिक क्लाउडवर खाते उघडले जाते. नोएडा-गुरुग्राममधील एखादी नवउद्योग कंपनी ते उभे करून देते. प्रकल्प संपतो, कंत्राटी संशोधन सहायक दुसरीकडे रुजू होतो, पण खाते चालूच राहते आणि त्याच्या प्रवेशकिल्ल्याही चालूच राहतात.

अशा विसरलेल्या कोपऱ्यातून काय बाहेर येऊ शकते, याचे उदाहरण दिल्लीशी निगडितच आहे. २०२० मध्ये ‘व्हीपीएन-मेंटॉर’च्या संशोधकांना ॲमेझॉनच्या क्लाउडवरील एक एस-थ्री बकेट, म्हणजे फायली साठवण्याचा कप्पा, कोणालाही पाहता येईल अशा स्थितीत आढळला. भीम पेमेंट ॲपच्या प्रसारासाठी सीएससी ई-गव्हर्नन्स सर्व्हिसेसने चालवलेल्या संकेतस्थळाशी तो संबंधित होता. संशोधकांच्या सांगण्यानुसार त्यात ४०९ गिगाबाइट माहिती आणि सुमारे ७२.६ लाख नोंदी होत्या. आधार कार्डे, जातीचे दाखले आणि रहिवासाचे पुरावे यांच्या प्रतीही होत्या. भीम ॲपमधील माहितीला कोणताही धक्का लागलेला नाही, असे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तेव्हा स्पष्ट केले. ते मान्य केले, तरी कप्पा उघडा होता ही गोष्ट उरतेच. ग्रामीण भागातील माणूस ज्या सेवा केंद्रात कागद स्कॅन करून देतो, त्या जाळ्यातील हे कागद होते. असा कप्पा उघडा राहायला कोणी कुलूप फोडावे लागत नाही, एका पर्यायाची निवड चुकली तरी पुरते.

ॲमेझॉनने एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटसाठी सार्वजनिक प्रवेश आपोआप बंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. त्याआधी तयार झालेल्या बकेट मात्र होत्या तशाच राहिल्या. जुन्या प्रकल्पांची खाती पुन्हा पाहण्यास एवढे एक कारणही पुरेसे आहे.

हे पाहण्याचे साधन मोफत उपलब्ध आहे. टोनी दे ला फुएन्ते या सुरक्षातज्ज्ञाने २०१६ मध्ये ‘प्राउलर’ हे मुक्त स्रोत साधन ॲमेझॉनच्या क्लाउडसाठी लिहिले. पुढे त्यात मायक्रोसॉफ्ट अझूर, गुगल क्लाउड आणि कुबरनेटिस यांचीही भर पडली. ‘एनसीसी ग्रुप’चे ‘स्काउट सूट’ हे त्याच जातीचे दुसरे साधन. प्राउलरला खात्यात केवळ वाचनाची परवानगी द्यावी लागते. मूळ तपासणी काही बदलत नाही, काही पुसत नाही. मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी आहे का, प्रवेशकिल्ल्या किती दिवस बदललेल्या नाहीत, एखाद्या सर्व्हरचे दूरनियंत्रणाचे दार साऱ्या जगासाठी उघडे आहे का, साठवण कूटबद्ध आहे का, असे शेकडो प्रश्न ते विचारते आणि प्रत्येक उत्तराला उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा शेरा देऊन गंभीरतेनुसार यादी हाती ठेवते.

याचा एक लाभ सहसा लक्षात येत नाही. मुंबई विभागात काम करणारा संशोधक मुंबईचाच पडदा पाहतो. त्याच खात्यातून कोणी सातासमुद्रापलीकडच्या विभागात आभासी यंत्रे चालू केली, तर ती त्याला दिसत नाहीत. महिनाअखेरीस देयक पाहून डोळे पांढरे होतात. तपासणी साधन खात्याला खुले असलेले सर्व विभाग धुंडाळते.

पहिली तपासणी बहुधा निराश करते. अनुत्तीर्ण शेऱ्यांची यादी लांबलचक निघते आणि संस्थाप्रमुखांना ती दाखवावी की नाही, असा प्रश्न पडतो. इथे आर्थिक नुकसानीच्या पातळीची संकल्पना उपयोगी पडावी. प्रत्येक अळीवर फवारणी करायची नसते. सार्वजनिक कप्पे, दुहेरी पडताळणीविना चाललेली मुख्य खाती आणि मालक ठाऊक नसलेल्या किल्ल्या यांचा निकाल त्याच आठवड्यात लावावा. खुणपट्ट्या नसल्याचे किरकोळ शेरे पावसाळा संपेपर्यंत थांबले तरी बिघडत नाही. काही शेरे परिस्थितीनुसार गैरलागूही असतात. जनतेसाठीच खुल्या ठेवलेल्या पीकसल्ल्याच्या पुस्तिकांचा कप्पा सार्वजनिक असणारच. असे अपवाद कारणासह नोंदवून बाजूला काढण्याची सोय साधनात आहे. मात्र कारण न लिहिता अपवाद करण्याची सवय लागली, तर यादी हिरवीगार दिसेल आणि शेत पोखरलेले असेल.

या साधनाकडून नको ती अपेक्षाही ठेवू नये. २०२२ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाले की पीएम-किसान संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक बाहेर दिसू शकत होते. एका सुरक्षा संशोधकाने तो दोष कळवला होता आणि नंतर तो दुरुस्त झाला. असा दोष संकेतस्थळाच्या रचनेत असतो. क्लाउडच्या मांडणीची तपासणी त्याला पकडेलच असे नाही; त्यासाठी स्वतंत्र चाचणी लागते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध केली गेली, रुग्णनोंदणी कित्येक दिवस कागदावर करावी लागली आणि नेटवर्कची अयोग्य विभागणी हे कारण सरकारने संसदेत सांगितले. हे सर्व्हर रुग्णालयाच्या स्वतःच्या नेटवर्कमधले होते. क्लाउड खाते तपासणारे साधन तिथवर पोहोचत नाही.

वार्षिक लेखापरीक्षण होत असताना हा नवा व्याप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदवह्या १८० दिवस जपाव्या लागतात. ॲमेझॉनच्या खात्यात स्वतंत्र व्यवस्था केली नाही, तर कारभाराच्या घडामोडींचा इतिहास ९० दिवसांपर्यंतच पाहता येतो. वार्षिक तपासणीत ही त्रुटी सापडेपर्यंत तोवरच्या नोंदी हातातून गेलेल्या असतात. साप्ताहिक तपासणीत ती पहिल्याच अहवालात दिसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र दंडाच्या भीतीपेक्षा शेतकऱ्याशी असलेल्या नात्याचा विचार संशोधन संस्थांनी आधी करावा. एकदा त्याच्या खात्यातून परस्पर पैसे गेले, तर पुढच्या प्रात्यक्षिकाला तो बांधावर येणार नाही, आणि ते योग्यच ठरेल.

साधन फुकट असले तरी माणूस फुकट मिळत नाही, ही अडचण खरी आहे. प्रत्येक प्रकल्प प्रस्तावात रसायने, मजुरी आणि प्रवास यांसाठी तरतूद असते. क्लाउड खात्याचा जबाबदार अधिकारी, त्याचा बदली कर्मचारी आणि प्रकल्प संपताना खाते बंद करण्याची तारीख यांसाठीही रकाने असावेत. ते रिकामे असतील, तर निधी देणाऱ्या संस्थेने प्रस्ताव परत पाठवावा. तपासणीचा अहवाल ई-मेलच्या सामायिक यादीवर फिरवू नये, कारण चोराला हवा असलेला घराचा नकाशा तोच असतो. तो सोमवारी सकाळी दोनच जणांच्या हाती जावा, आणि मागील आठवड्यातील कोणते गंभीर शेरे अजून तसेच आहेत, ते त्याच्या पहिल्या ओळीत लिहिलेले असावे.