‘अस्सल मिसळ’ : एक वदतोव्याघात

वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून खाद्यसंस्कृतीविषयक लेखनाला जो बहर आलेला आहे, त्यात एक विशेषण इतक्या सढळ हाताने वापरले जाते, की त्याचा अर्थ तपासून पाहावा असे कोणालाच वाटत नाही. ते विशेषण म्हणजे ‘अस्सल’. अस्सल मालवणी, अस्सल कोल्हापुरी, अस्सल गिरगावी. ठाकूरद्वारला मिसळ खाऊन परतलेला लेखक तिला ‘अस्सल’ म्हणतो. वांद्र्याला किंवा लोअर परळला जपानी रामेनचा वाडगा रिता करून आलेला त्याचा धाकटा समानधर्मा त्याच अर्थाने ‘ऑथेंटिक’ म्हणतो. दोघांच्याही लेखी तिथे समीक्षा पूर्ण होते. आमच्या मते ती तिथे सुरूही झालेली नसते. ‘अस्सल’ हा शब्द रसिकतेचा वाटला, तरी प्रत्यक्षात तो प्रश्न विचारण्याची जबाबदारी टाळण्यासाठी वापरला जातो, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी तरी त्याच्या आहारी जाऊ नये, एवढेच प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

प्रथम शब्दांकडेच पाहू. ‘मिसळ’ म्हणजे मिसळलेले. ज्या पदार्थाने आपले संकरित कुळ नावातच जाहीर केलेले आहे, त्याच्याकडे शुद्ध कुळाचा दाखला मागणे हा उघड वदतोव्याघात होय. तिच्यातली मटकी या भूमीची. मिरची आणि (जिथे घालतात तिथे) बटाटा अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या हातून आलेले. पाव हा शब्द आणि पदार्थ दोन्ही पोर्तुगीज. फरसाण गुजराती शेजाराचे. ठाकूरद्वारपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर एकीकडे काळबादेवी-भुलेश्वर, दुसरीकडे ख्रिस्ती वस्तीची खोताची वाडी आणि तिसरीकडे धोबीतलावचे इराणी आहेत. मिसळीच्या बशीचा नकाशा काढायचा तर तो याच गल्ल्यांचा निघेल. आणि खुद्द ‘अस्सल’? तो शब्द मुळात अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत स्थिरावलेला. शुद्धतेची ग्वाही देणारा शब्दच परगावाहून आलेला आहे, हा भाषेने आपल्यावर केलेला विनोद समजावा.

रामेनची कथा याहून वेगळी नाही. जपानी अस्मितेचे चिन्ह म्हणून आज जगभर मिरवणारा हा पदार्थ मूळचा चिनी. त्याला पूर्वी ‘शिना सोबा’, म्हणजे चिनी शेवया, असेच म्हणत. टोकियोच्या असाकुसा भागात १९१० साली निघालेल्या ‘राईराईकेन’ या प्रसिद्ध दुकानाच्या मालकाने योकोहामाच्या चिनी वस्तीतून आचारी आणले होते, आणि गिऱ्हाईक होते शहरात कामाला आलेले कष्टकरी. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाची टंचाई आणि अमेरिकन गव्हाची आयात यांतून हा वाडगा देशभर पसरला. काळ्या बाजारातल्या पिठावर आणि चीन-मांचुरियातून परतलेल्या जपान्यांच्या हातगाड्यांवर तो वाढला. १९५८ साली मोमोफुकू आंदो यांनी झटपट रामेन बाजारात आणले. म्हणजे चिनी कसब, अमेरिकन गहू आणि पराभूत देशाची भूक यांच्या मिश्रणाला आपण आज ‘अस्सल जपानी’ म्हणतो.

मिसळ आणि रामेन यांची तुलना आम्ही केवळ दोन्ही वाडग्यात येतात म्हणून करीत नाही. दोहोंची घडण एक आहे. रामेनच्या दुकानात हाडांचे सूप तासन्‌तास उकळत असते, खारट-आंबूस ‘तारे’ निराळे, सुगंधी तेल निराळे, शेवया निराळ्या, वरचे जिन्नस निराळे. गिऱ्हाईक बसले की हे सारे मिनिटा-दोन मिनिटांत एका वाडग्यात एकत्र येते. मिसळीचेही तसेच. कडधान्य आदल्या दिवसापासून भिजत घालून मोड आणलेले, उसळ शिजलेली, कट वेगळा उकळत ठेवलेला, कांदा चिरलेला. आणि वाढताना अर्ध्या मिनिटाचे काम. मागच्या बाजूला दीर्घ श्रम आणि पुढच्या बाजूला घाई, अशी ही रचना आहे. ज्याला पाळीवर पोचायचे आहे आणि खिशात मोजके पैसे आहेत, अशा माणसासाठी ती घडली. या उपाहारगृहांतल्या वाढप्याच्या तुटकपणाच्या आख्यायिका आमचे लेखक कौतुकाने सांगतात. त्या तुटकपणात त्यांना ‘गिरगावी खाक्या’ दिसतो. कमी दरात दुकान चालायचे तर एकेक खुर्ची तासात अनेकदा रिकामी व्हावी लागते आणि तो ताण वाढप्याच्या पायांवर व जिभेवर पडतो, हे साधे अर्थशास्त्र त्यांना दिसत नाही. ‘अस्सल’ म्हटले की ते पाहण्याची गरजच उरत नाही.

येथे २०१५ या सालाकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्या वर्षी लंडनमधल्या एका खाद्यपुरस्कारात दादरच्या ‘आस्वाद’ची मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली; आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात टोकियोच्या सुगामो भागातल्या ‘त्सुता’ या जेमतेम नऊ आसनांच्या दुकानाला मिशेलिनचा तारा जाहीर झाला, जो रामेनच्या दुकानाला मिळालेला पहिलाच. दोन्हीकडे आनंद झाला, तो रास्तच होता. पण परदेशी पसंतीची मोहोर उमटताच आमच्याकडे जे लिहिले गेले, ते बहुतेक अभिमानाचे होते. समीक्षेची जागा अभिमानाने घेतली की पदार्थाचे निशाण होते, आणि निशाणाची चव कोणी घेत नाही.

जपान्यांनी या भाविकतेची थट्टा फार पूर्वी करून ठेवली आहे. जुझो इतामी यांच्या ‘ताम्पोपो’ (१९८५) या चित्रपटात एक वृद्ध गुरू तरुण शिष्याला रामेन कसे खावे याची दीक्षा देतो : आधी वाडग्याचे चिंतन, मग काड्यांच्या टोकाने पृष्ठभागाला हळुवार स्पर्श, मग मांसाच्या तुकड्याची अदबीने वास्तपुस्त. प्रेक्षक हसतो, कारण ती रसिकतेची विडंबनमूर्ती आहे. चित्रपटाची मूळ गोष्ट मात्र एका विधवेची आहे, जी स्पर्धकांच्या दुकानांत डोकावत, चुकत, पुन्हा सूप ओतून देत हे काम शिकते. रामेन तिच्या रक्तात नसते. शिकल्याने ते तिला येते. आमच्याकडे पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’मध्ये (तीही पुस्तकरूपाने १९५८ चीच) हेच केले. चाळीचे खाद्यजीवन रंगवताना त्यांनी लेखासाठी विषय निवडला तो ‘उपास’, आणि आहाराविषयी ज्याच्या त्याच्या तोंडी असलेल्या अधिकारवाणीची रेवडी उडवली. पुढच्या खाद्यलेखकांनी पु. लं.कडून घेतली ती फक्त मिटक्या मारण्याची लकब; त्यांची तिरकस नजर तिथेच राहिली. ‘ताम्पोपो’तल्या त्या गुरूची भूमिका आमचे लेखक आज गंभीर चेहऱ्याने वठवीत आहेत.

या ‘अस्सल’वादाचा जोडीदार म्हणजे गतकातरता. ठाकूरद्वारचे ‘विनय हेल्थ होम’ असो की खोताच्या वाडीतले बंद पडलेले ‘अनंताश्रम’ असो, त्यांच्यावरचे लेख मृत्युलेखासारखे वाचले जातात. जे चालू आहे त्याच्यावरचेही. चव टिकली याचे श्रेय मालकाच्या निष्ठेला आणि गुप्त मसाल्याला मिळते. मसाल्याइतकेच श्रेय १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याला आहे, हे कोणी लिहीत नाही. त्या कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली; पागडीच्या त्या जागांत कमी दराची खाणी तगली, आणि इमारती मोडकळीला आल्या त्याही त्यामुळेच. आता चाळी पडत आहेत, टॉवर उठत आहेत, गिरगावच्या पोटातून २०२५ पासून भुयारी मेट्रो धावते आहे. अशा वेळी ‘ती चव गेली’ हा विलाप करणे सोपे. नव्या भाड्यात, रास्त मजुरीत ती बशी किती रुपयांना पडेल आणि तेवढे द्यायची आपली तयारी आहे काय, हे विचारणे अवघड. जपानात रामेनच्या व्यवसायात ‘हजार येनांची भिंत’ असा शब्दप्रयोग रूढ आहे : वाडग्यावर जीव टाकणारे गिऱ्हाईकही हजार येनांच्या वर जायला नाखूष असते. आमच्याकडेही भिंत आहे. फक्त तिला नाव नाही. योकोहामाच्या रामेन संग्रहालयात १९५८ सालची गल्ली हुबेहूब उभारली आहे आणि तिकीट काढून तिथे हिंडता येते. गिरगावचे तसे संग्रहालय झाले, तर त्याचे माहितीफलक आमच्या पुरवण्यांतून आयतेच लिहून तयार आहेत.

याहून गंभीर प्रश्न, या पंक्तीला कोण बसत होते हा आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाच्या पेल्यावरून ग्रामण्य माजले आणि भल्याभल्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यानंतर शहराच्या उपाहारगृहांनी अनोळखी माणसांना एका बाकावर बसवले, हे त्यांचे मोठेच ऐतिहासिक कार्य. पण त्याच शहरांत पाटीवर ‘ब्राह्मणांचे’ असे बिरुद लावणारी भोजनगृहेही दीर्घकाळ चालली, आणि उपाहारगृहात प्रवेश नाकारण्यावर राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदाने बंदी घालावी लागली. ‘अस्सल चव’ म्हणताना ही पाटी आपण वाचतो काय? शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकाची नोंद केली, तेव्हा ज्याला आपण ‘महाराष्ट्राची खाद्यसंस्कृती’ म्हणत आलो ती किती थोड्या घरांची होती हे उघड झाले. शीर्षकातला एक ‘अ’ साऱ्या खाद्यलेखनावरची टीका आहे. तोच शब्द राजकारणात उतरला की काय होते, तेही मुंबईने पाहिले आहे. १९६६ नंतरच्या काही वर्षांत दाक्षिणात्यांविरुद्ध पेटलेल्या आंदोलनात उडपी हॉटेलांवर दगड पडले. मराठी माणसाला स्वस्तात पोटभर घालणारी ती हॉटेले ‘आपली’ नव्हती, एवढाच त्यांचा अपराध होता.

आणि स्त्रिया? गिरणगावातल्या एकट्या पुरुष कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया खाद्यलेखनात क्वचितच दिसतात. त्यांची चव ‘वारसा’ या सदरात बसत नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले, ते सावकाराच्या कर्जात रुतलेल्या याच बायांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा जेवणारेच बेकार झाले आणि या चुलीही विझू लागल्या. लोअर परळच्या त्याच गिरण्यांच्या आवारांत आज उंची उपाहारगृहे आहेत. तिथे मिळणारा रामेनचा वाडगाही मुळात टोकियोच्या कष्टकऱ्यांचे खाणे होता. एका शहरातल्या कामगारांचे अन्न दुसऱ्या शहरातल्या कामगारांच्या रिकाम्या जागेवर चैनीची वस्तू म्हणून वाढले जाते, हा विरोधाभास कादंबरीकाराला पुरे पडावा. आमच्या परीक्षणकाराला मात्र सूप ‘ऑथेंटिक’ वाटले की पुरते.

आम्हांवर आक्षेप येईल, की चव ही वस्तू खरी आहे. एका हाताची मिसळ जमते, दुसऱ्याची जमत नाही, आणि जमलेली नाहीशी झाली तर नुकसानच आहे. हे आम्हांला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच त्यासाठी निराळा शब्द हवा, आणि तो मराठीत आहे : कसब. कसब शिकता येते, बिघडते, एका हातातून दुसऱ्या हातात जाते. त्याला जात आणि प्रांत लागत नाही, वेळ आणि मोबदला मात्र लागतो. गिरगावच्या भटारखान्यात कोकणातला पोऱ्या जे शिकला, ते उद्या बिहारचा किंवा ओडिशाचा मुलगा शिकेल आणि कटाचा रंग तोच येईल. ‘अस्सल’वाद्याला यात अनर्थ दिसेल; कसबाची कदर करणाऱ्याला परंपरा चालू राहिलेली दिसेल.

हा शब्द केवळ बशीपुरता असता, तर आम्ही एवढी शाई खर्ची घातली नसती. ‘अस्सल ग्रामीण’, ‘अस्सल मातीतली’, ‘अस्सल दलित अनुभव’ ही प्रशस्तिपत्रके आपल्या समीक्षेने दशकानुदशके वाटली आहेत, आणि देशीवादाच्या चर्चेत तर कुळाचा दाखला हाच गुणांचा दाखला झाला. लेखकाने काय केले, भाषेवर कोणते काम केले, हे विचारण्याऐवजी तो कुठला हे विचारले गेले. जो दोष तिथे तोच इथे. ज्या गिरगावात खटाववाडीत ‘मौज’ आणि केळेवाडीत साहित्य संघ नांदला, त्या गिरगावातल्या उपाहारगृहांच्या बाकांवर मराठी साहित्याच्या किती चर्चा झडल्या असतील. पण त्या बाकावर बशी आणून ठेवणाऱ्या हाताविषयी आपल्या समीक्षेने काही लिहिलेले आम्हांला आठवत नाही.

तेव्हा यापुढे विद्यार्थ्यांनी खाण्यावरचा लेख वाचावा तो कोणतीही संहिता वाचावी तसा. कोणी रांधले, कोणत्या मजुरीवर, कोणाच्या जागेत, कोणासाठी, आणि दाराबाहेर कोणाला ठेवून, हे प्रश्न त्याला घालावेत. उत्तरे मिळाली तर चवीची चर्चाही खुशाल करावी. ती मग अधिक नेमकी होईल. ‘अस्सल’ या शब्दाखेरीज काहीच हाती लागले नाही, तर तो लेख मिसळीविषयी नसून लेखकाच्या स्वतःच्या कुळाविषयी आहे, असे खुशाल समजावे.